‘राईट ऑफ’ झालं म्हणजे नेमकं काय झालं?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

दुपारची वेळ आहे. कोणी डाळ निवडत असाल, कोणी शेळ्यांमागे बांधावर बसून मोबाईलवर ऐकत असाल. हातातलं काम चालू द्या, कान फक्त इकडे असू द्या.

मागच्या वेळी मी गटाच्या वह्यांबद्दल बोलले, तेव्हा चार-पाच जणींचे फोन आले. त्यातल्या एकीने विचारलं, “मॅडम, बँकेत गेलं की समदं इंग्रजीत बोलत्यात. ‘राईट आफ’ म्हंजे काय वो?” प्रश्न साधा होता, पण तो ऐकून माझ्या पोटात जरा गोळा आला. कारण हाच प्रश्न तीन वर्षांपूर्वी मला एकीने विचारला होता आणि मी चुकीचं उत्तर दिलं होतं. बी.ए. झालेली बाई, गटांची समन्वयक, हातात डायरी आणि खांद्याला बॅग, त्यामुळे माझ्या तोंडून निघालेलं बायकांनी खरं मानलं. त्या चुकीची किंमत मला नाही, तिला द्यावी लागली. आज ती गोष्ट सांगते. तिचं नाव, गाव सांगणार नाही. तिने परवानगी दिली आहे, पण नाव नको म्हणाली.

आधी शब्द बघू.

इंग्रजीत ‘राईट’ म्हणजे लिहिणं. इथं बरोबर-चुकीतला ‘राईट’ नाही आणि उजव्या हाताचाही नाही. तिन्ही ऐकायला सारखेच, त्यामुळे घोटाळा सुरुवातीलाच होतो. ‘ऑफ’ तर आपल्या घरातलाच शब्द झालाय. मोटार ऑफ कर, मोबाईल ऑफ येतोय. गावात पोरं एखाद्याबद्दल ‘तो ऑफ झाला’ म्हणतात, म्हणजे तो गेला, वारला. म्हणून ‘कर्ज राईट ऑफ झालं’ ऐकलं की आपल्या कानाला काय वाटतं? बरोबर आहे, कर्ज मेलं, सुटलो.

पण इंग्रजीत अशी एक खोड आहे की एका क्रियापदाच्या मागे छोटासा शब्द लागला की अख्खा अर्थ फिरतो. ‘टेक’ म्हणजे घेणं, ‘टेक ऑफ’ म्हणजे विमान उडणं. ‘पुट’ म्हणजे ठेवणं, ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं. घेणं आणि उडणं यांचा संबंध शोधायला गेलात तर डोकं दुखेल. आपल्याकडे हे होत नाही असं समजू नका. ‘ती बोलली’ आणि ‘ती बोलून बसली’ यात फरक आहे की नाही? ‘करणं’ वेगळं आणि ‘करून ठेवणं’ वेगळं. सुनेने चहा केला म्हटलं की कौतुक, आणि “काय करून ठेवलंस हे?” म्हटलं की भांडण. आपण मागे ‘बसली’, ‘ठेवलं’, ‘टाकलं’ लावतो, ते मागे ‘ऑफ’, ‘अप’, ‘आऊट’ लावतात. अशा जोडशब्दांचे तुकडे करून अर्थ लावला की माणूस फसतो. मी तेच केलं होतं.

‘राईट ऑफ’चे इंग्रजीत तीन-चार उपयोग आहेत. पहिला हिशेबाच्या वहीचा. येणं असलेली रक्कम आता वसूल होईल असं दिसत नाही, म्हणून ती ‘येणे’ या सदरातून काढायची आणि तोटा म्हणून लिहायची. आपले जुने सावकार-दुकानदार याला ‘बुडीत खाती टाकणं’ म्हणत. आणि स्वतःच्या मूर्खपणाने गेलेले पैसे असले की ‘अक्कलखाती जमा’. हा शब्द मला फार आवडतो, इंग्रजीतही याच्या तोडीचा सापडत नाही.

दुसरा उपयोग गाडीचा. इंग्लंडमध्ये अपघातात गाडी इतकी चेपली की दुरुस्तीत अर्थ नाही, तर तिला ‘राईट-ऑफ’ म्हणतात. आपल्याकडे विमेवाले त्याला ‘टोटल लॉस’ म्हणतात. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी त्यात बसते.

तिसरा उपयोग बोलीतला, रोजच्या गप्पांतला, आणि तो माणसांबद्दल आहे. एखाद्याचं आता काही होत नाही असं ठरवून त्याला मोजणं सोडून देणं म्हणजे त्याला ‘राईट ऑफ’ करणं. क्रिकेटच्या इंग्रजी समालोचनात हा शब्द सारखा येतो. एखादा जुना खेळाडू दोन सामन्यांत शून्यावर बाद झाला की म्हणतात, त्याला एवढ्यात राईट ऑफ करू नका. मराठीत आपण म्हणतो, त्याच्या नावावर फुली मारली, त्याच्यावर पाणी सोडलं.

सरकारी मराठीत याला ‘निर्लेखन’ म्हणतात. हा शब्द तुम्ही ग्रामसभेत ऐकला असेल. शाळेची जुनी खोली मोडकळीला आली की आधी तिचं निर्लेखन होतं, मग ती पाडतात. खोली नोंदवहीतून निघाली आणि जमिनीवरूनही गेली. कर्जाचं निर्लेखन मात्र असं नसतं, तिथं खोली वहीतून निघते पण उभीच राहते. आता कशी ते सांगते.

त्या ताईने २०१६ साली शेळीपालनासाठी बँकेतून ५० हजारांचं कर्ज घेतलं होतं. गटामार्फत नाही, स्वतःच्या नावावर. ३६ महिन्यांचे हप्ते, हप्ता सोळाशे साठच्या आसपास. पहिले चौदा हप्ते तिने वेळेवर भरले, पासबुकात सगळे दिसतात. मग शेळ्यांवर रोग आला आणि पंधरा दिवसांत अकरापैकी आठ शेळ्या गेल्या. त्याच पावसाळ्यात मालक सेंट्रिंगच्या कामावरून पडले. हप्ता थांबला तो थांबलाच.

तेव्हा २०१७ची कर्जमाफी गाजत होती, छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेची. पुढे २०१९ला महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. दोन्ही वेळेला तिला वाटलं, आपलंही बसेल यात. बसलं नाही. पहिल्या माफीत ३० जून २०१६ला थकलेलं कर्ज धरलं होतं, आणि तिचं तर तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. दुसरी माफी पीककर्जाची होती आणि शेळ्या म्हणजे पीक नव्हे. तिला हे कोणी नीट समजावून सांगितलं नाही. याद्या लागल्या, यादीत नाव नव्हतं, ती घरी आली.

मग २०२२च्या एप्रिलमध्ये ती विधवा जावेची पेन्शन काढायला बँकेत गेली होती. तिथल्या साहेबांनी खातं बघून म्हटलं, “तुमचं लोन मार्चमध्ये राईट ऑफ झालंय.” एवढंच. ते खोटं बोलले नाहीत. पण अर्धं वाक्य इंग्रजीत आणि उरलेलं बोललेच नाहीत. ती गटाच्या बैठकीला आली आणि मला विचारलं, मॅडम, राईट ऑफ म्हणजे काय? मी हजेरी घेत होते. वर न बघता म्हटलं, “म्हणजे माफ झालं गं, सुटलीस तू.” तिने दुसऱ्या दिवशी गटात पेढे वाटले. मीही एक खाल्ला.

बँका राईट ऑफ का करतात, हे मी त्यानंतर शिकले. आपल्या गटाच्या वहीवरून समजून घ्या. समजा गटाने एकीला पाच हजार दिले आणि ती ऊसतोडीला गेली ती परत आलीच नाही. वहीत तिच्या नावावर पाच हजार ‘येणे’ दिसत राहतात. वर्षाअखेर कोणी विचारलं गटाकडे किती पैसा आहे, तर आपण ते पाच हजार धरून सांगतो. पण ते हातात आहेत का? नाहीत. म्हणजे वही आपल्यालाच फसवते.

बँकेचंही तसंच. साध्या मुदतकर्जाचा हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की ते खातं ‘एनपीए’ होतं, म्हणजे अनुत्पादक. (पीककर्जाला हंगामाचा हिशेब लागतो, तो वेगळा.) मग रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेला आपल्या नफ्यातून त्या कर्जापोटी पैसे बाजूला काढून ठेवावे लागतात. खातं जितकं जुनं, तितके जास्त. साधारण चार वर्षांत पूर्ण रकमेएवढी तरतूद झाली की बँक ते कर्ज आपल्या ताळेबंदातून काढते, त्यामुळे ताळेबंद स्वच्छ दिसतो आणि कराचा हिशेबही सोपा होतो. हेच राईट ऑफ. मार्चअखेरीला असे पुष्कळ होतात.

आता नीट ऐका. कर्ज ताळेबंदातून निघालं, पण शाखेत तुमच्या नावावरचं खातं जिवंत आहे. बँकेचा वसुलीचा हक्क जसाच्या तसा आहे. रिझर्व्ह बँकेने जून २०२३मध्ये याबद्दल जे नियम काढले, त्यात स्पष्ट आहे की असं निर्लेखन फक्त हिशेबापुरतं असतं आणि त्याने कर्जदारावरचा दावा सुटत नाही. मोठ्या कंपन्यांची कर्जं राईट ऑफ झाल्याच्या बातम्या टीव्हीवर येतात आणि आपण म्हणतो, बघा, मोठ्यांना माफ. त्यांना ते माफ नसतं आणि आपल्यालाही नसतं. फरक इतकाच की मोठ्यांकडे वकील असतात.

मग माफीला इंग्रजीत काय म्हणतात? ‘वेव्ह’. स्वतःचा हक्क आपणहून सोडणं. आणि इथं एक गंमत आहे. इंग्रज लोक नुसतं ‘वेव्ह’ म्हणतात, आपण भारतात सगळे ‘वेव्ह ऑफ’ म्हणतो. पेपरात, टीव्हीवर, बँकेतसुद्धा. कोणीतरी ‘राईट ऑफ’चं शेपूट ‘वेव्ह’ला जोडलं आणि ते चिकटलं. त्यामुळे दोन अगदी वेगळ्या गोष्टी ऐकायला जावा-जावा वाटायला लागल्या. कर्ज ‘वेव्ह ऑफ’ झालं तर सरकार किंवा दुसरं कोणी तुमच्या वतीने भरतं किंवा बँक हक्क सोडते, आणि खातं मिटतं. ‘राईट ऑफ’मध्ये यातलं काहीच होत नाही. बँकेत कोणी यातला कोणताही शब्द उच्चारला तर एकच विचारा, “साहेब, मग मला आता किती भरायचंय?” उत्तर शून्य आलं तर ते कागदावर लिहून मागा. बेबाकी दाखला मागा. दाखला देत नाहीत, म्हणजे शून्य नाही.

हा प्रश्न मी २०२२ला तिला विचारायला सांगायला हवा होता.

पुढे काय झालं ते सांगते. दोन वर्षं गेली. २०२४ला तिने मिरची कांडप यंत्रासाठी अर्ज केला. तिच्या हाताला चव आहे, आठवडी बाजारात तिचा मसाला संपून जातो. दुसऱ्या बँकेत अर्ज केला होता, तरी आठ दिवसांत नामंजूर. कारण विचारलं तर ‘सिबिल’. तिने मला रिपोर्ट आणून दाखवला. त्यात खात्यासमोर इंग्रजीत ‘रिटन ऑफ’ लिहिलेलं होतं. तिच्या मुलाने ते वाचून सांगितलं होतं, “आई, रिटर्न लिहिलंय, म्हणजे परत केलेलं.” पोरगा दहावीत, त्याचा काय दोष? ‘राईट’चं भूतकाळी रूप ‘रिटन’. ते आणि ‘रिटर्न’ यात एका ‘र’चा फरक. त्या माऊलीने तोच कागद अर्जाला मुद्दाम जोडला होता, पुरावा म्हणून, की बघा, माझं कर्ज रिटर्न आहे.

हे मी सांगते तेव्हा बायका हसतात. तीही हसते आता. त्या दिवशी ती माझ्यासमोर बसली होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

सिबिल सिबिल आपण म्हणतो, ती एका कंपनीची खूण आहे. देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. तुम्ही कुठून कर्ज घेतलं, हप्ते कसे भरले, याची माहिती बँका आणि मायक्रोफायनान्सवाले यांना पाठवतात. त्यावरून ३०० ते ९०० मध्ये एक आकडा पडतो. तुमचा स्वतःचा पूर्ण रिपोर्ट प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो तुमचा हक्क आहे. तालुक्याला ‘सिबिल सुधारून मिळेल’ अशा पाट्या लागल्यात, तिथं पाचशे-हजार मोजू नका. खरी नोंद पैसे देऊन कोणी पुसू शकत नाही. आणि चुकीची असेल तर तक्रार फुकट होते. तक्रारीनंतर ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियमही आहे.

तिच्या बाबतीत नोंद चुकीची नव्हती. आम्ही दोघी त्या जुन्या बँकेत गेलो. खातेउतारा काढला. मुद्दल साधारण बत्तीस हजार सहाशे बाकी आणि व्याज धरून साठ हजारांच्या आसपास. ती काही बोलली नाही. बाहेर आल्यावर वडाच्या पारावर बसलो तेव्हा म्हणाली, “म्याडम, तवाच सांगितलं असतं तर दोन वर्षांत हजार-हजार करून फेडलं असतं.” मला उत्तर नव्हतं.

आता तिसऱ्या अर्थाकडे या, माणसांच्या. त्याच महिन्यात तिच्या गटाचा बँक लिंकेजचा अर्ज गेला होता, तीन लाखांचा. अकरा बायका, नऊ वर्षं जुना गट, आधीचं कर्ज पूर्ण फेडलेलं, वह्या चोख. शाखेतल्या कर्मचाऱ्याने सभासदांची यादी तपासली आणि सांगितलं, एका बाईचं खातं रिटन ऑफ आहे, गटाला कर्ज मिळणार नाही. बैठक झाली. अशी बैठक मी पुन्हा घेऊ इच्छित नाही. एक जण म्हणाली, तिच्यापायी आम्ही दहा जणींनी का अडकायचं? दुसरी म्हणाली, तिची बचत देऊन टाका आणि नाव कमी करा. आणि तिसरी, मीच सगळ्यांना नुकताच शब्द समजावून सांगितला होता ना, ती हसत म्हणाली, “मॅडम, तिलाच राईट ऑफ करून टाका.” दोघी-चौघी हसल्या. ती कोपऱ्यात पदराचं टोक पिळत बसली होती. नऊ वर्षांत एकही बैठक न चुकवलेली बाई.

त्या बायकांना वाईट म्हणू नका. एकीला मुलीच्या नर्सिंगची फी भरायची होती, एकीची विहीर अर्धवट होती. अडलेल्याला दुसऱ्याचं अडलेलं दिसत नाही.

मी निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला आणि पहिल्यांदाच रिझर्व्ह बँकेचं बचत गटांबद्दलचं परिपत्रक मुळातून वाचायला घेतलं. इंग्रजीत आहे, किचकट आहे, शब्दकोश घेऊन दोन रात्री बसले. आणि त्यात सापडलं की गट स्वतः थकबाकीदार नसेल, तर एखाद-दुसरी सभासद किंवा तिच्या घरचं कोणी बँकेचं थकबाकीदार आहे, एवढ्या कारणाने सहसा गटाचं कर्ज अडवू नये. मात्र त्याला जोडून एक अट आहे. बँकेकडून मिळालेल्या कर्जातून गटाने त्या थकबाकीदार सभासदाला कर्ज देऊ नये.

म्हणजे तिला काढायची गरजच नव्हती. पण बँकेचा पैसा तिला देता येणार नव्हता. हे दोन्ही मी बैठकीत वाचून दाखवलं. परिपत्रकाची प्रत घेऊन आम्ही शाखाधिकाऱ्यांना भेटलो. ते भले होते. त्यांनी वाचलं, मान हलवली, आणि तीन आठवड्यांनी गटाचं कर्ज मंजूर झालं. नऊ वर्षं गट चालवून हा नियम आम्हाला कोणाला माहीत नव्हता, त्या कर्मचाऱ्यालाही नव्हता. तुमच्या गटात असं झालं तर हे लक्षात ठेवा.

राहिलं तिचं खातं. बँकेने एकरकमी तडजोडीची तयारी दाखवली. चाळीस हजार भरा, खातं बंद करतो. इथं पुन्हा एक इंग्रजी शब्द आहे, ‘सेटल्ड’. सगळी बाकी भरून खातं मिटलं तर रिपोर्टमध्ये ‘क्लोज्ड’ म्हणजे बंद दिसतं. कमी रकमेत तडजोड केली तर ‘सेटल्ड’ दिसतं आणि नवीन कर्ज देणारा ते बघून पुन्हा नाक मुरडतो. रिटन ऑफपेक्षा बरं, पण चांगलं नव्हे. ही खूणही वर्षं न् वर्षं राहते.

माझं मत होतं, थांबावं, वर्षभर जमवून पूर्ण साठ भरावेत आणि कागद स्वच्छ करून घ्यावा. तिने ऐकलं नाही. म्हणाली, “तुमच्या कागदापेक्षा मला झोप पायजे. खूण ऱ्हायली तर ऱ्हाऊ द्या.” मालकाच्या मजुरीतले आणि दोन बोकड विकून पंधरा हजार जमले. उरलेले पंचवीस हजार गटाने दिले. गटाला नवीन कर्ज अजून हातात यायचं होतं, जुनं फिटलेलं होतं, म्हणजे तिजोरीतला सगळा पैसा बायकांच्या स्वतःच्या बचतीचा आणि अंतर्गत व्याजाचा होता, त्यामुळे अटीचा प्रश्न आला नाही. शेकडा एक रुपया व्याजाने दिले. ठरावावर सही करताना, त्या ‘राईट ऑफ करा’ म्हणणारीनेच पहिली सही केली. का केली ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

पैसे भरताना आम्ही आधी तडजोडीचं पत्र बँकेच्या शिक्क्यासह हातात घेतलं. रक्कम, तारीख, खातं क्रमांक, सगळं त्यात. तोंडी बोलण्यावर एक रुपया भरला नाही. भरल्यावर पावती आणि बेबाकी दाखला. दाखल्याला पाच चकरा झाल्या. दीड महिन्याने रिपोर्ट पुन्हा काढला तेव्हा बाकी शून्य दिसली.

अजून एक, कारण परवा एका मावशींनी रडत फोन केला होता. राईट ऑफ झालेल्या कर्जाची वसुली बँका पुष्कळदा एजंटांकडे देतात. चार-पाच वर्षं कोणी विचारलेलं नसतं आणि अचानक अनोळखी माणूस दारात येऊन ओरडायला लागतो. कर्ज खरं असलं तरी त्याला मर्यादा आहेत. सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७च्या नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. मायक्रोफायनान्सच्या कर्जाला तर सकाळी ९ ते संध्याकाळी ६ एवढीच वेळ. शिवीगाळ, धमकी, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर अब्रू काढणं, सगळं मना आहे. त्याच्याकडे बँकेचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र मागा. रोख पैसे हातात देऊ नका, शाखेत जाऊन खात्यात भरा. त्रास झाला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते. माहितीसाठी त्यांचा नंबर १४४४८. पुन्हा सांगते, एक चार चार चार आठ.

ती ताई आता काय करते असं विचाराल. नवीन यंत्र घेता आलं नाही, ‘सेटल्ड’च्या खुणेमुळे दुसऱ्या बँकेनेही हात वर केले. तालुक्याच्या एका गिरणीवाल्याने जुनं कांडप यंत्र विकायला काढलं होतं, ते तिने उधारीवर घेतलं, महिन्याला दोन हजार. मोटार गरम होते, दर तासाने थांबवावं लागतं. लग्नसराईत तिच्याकडे मिरचीची पोती रांगेत असतात. गटाचे पंचवीस हजार फिटत आलेत, चार हप्ते राहिलेत.

मी आता बैठकीत कोणताही इंग्रजी शब्द आला की “थांबा, मला माहीत नाही, विचारून सांगते” म्हणते. सुरुवातीला लाज वाटायची. बायकांना उलट बरं वाटतं, त्या आपले शब्द बाहेर काढतात. परवा एकीने ‘टॉप अप’ काढला, दुसरीने ‘ऑटो डेबिट’. ते पुढच्या वेळी.

ज्यांना आपला रिपोर्ट बघायचा आहे त्यांच्यासाठी मी दर मंगळवारी अकरा ते दोन प्रभागसंघाच्या खोलीत बसते. येताना पॅन कार्ड आणा, आणि बँकेला जो नंबर दिलाय तोच मोबाईल आणा. मालकाचा नंबर दिला असेल तर मालकालाही आणा, ओटीपी त्यांच्याकडे जातो. मागच्या मंगळवारी सहा जणी आल्या आणि चौघींचे मोबाईल घरी होते.